साडूंच्या डोळ्याचा नकाशा

समोर आलेल्या माणसाला काहीतरी शिकवल्याशिवाय ज्यांना सोडवत नाही, अशा लोकांची मराठवाड्यात कधी गुणवत्ता यादी लागली तर माझे साडू त्यात पहिले येतील, आणि यादी लावणाऱ्याला यादी कशी लावायची हेही शिकवून येतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुखेडच्या आमच्या सासुरवाडीत ते थोरले जावई, मी धाकटा. त्यामुळे पाट त्यांना आधी, ताट त्यांना आधी, आहेराची टोपी त्यांना आधी, आणि बोलायचा मान तर आधीही त्यांनाच आणि नंतरही त्यांनाच. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे म्हणून दुनिया त्यांना सर म्हणते. मीही सर म्हणतो, पण माझ्या म्हणण्यात कुणी आदर शोधू नये, सापडायचा नाही. ते मला 'साडूभाऊ' म्हणतात, आणि माझं काही चुकलं की 'नांदेडकर'. दिवसातून दहादा तरी मी नांदेडकर होतो.

सर म्हटलं की मला दिसते ती पंगत, आणि ताटातल्या भाताच्या मुदीपुढे ध्यान लावून बसलेले हे गृहस्थ. वरण वाढायला आलेल्याला हातानं थोपवायचं आणि शेजारच्या पाहुण्याला, मग तो ओळखीचा असो की नसो, म्हणायचं, "थांबा. हे बघा. हे पारपटल." पाहुणा बघतो. त्याला भात दिसतो. "डोळ्याच्या पुढची काच, बुबुळाच्या पुढं असती, आरपार. माझी अशी होती, मुदीवानी फुगीर. उजेड आत शिरला की गरजेपेक्षा जास्त वाकायचा, आणि मागच्या पडद्याच्या अलीकडंच गोळा व्हायचा. म्हणून लांबचं धूसर. आता बघा." मग ते चमच्यानं मुदीच्या मधोमध अलगद भात खरवडून काढतात. "दाबायचं न्हाई, काढायचं. मधी सपाट, कडा जशाच्या तशा. आता उजेड कमी वाकतो आणि बरोबर पडद्यावर पडतो. आकार बदलला, नजर बदलली. काही प्रश्न?" पाहुण्याचा एकच प्रश्न असतो, वरण कधी येणार. पण तो विचारायची सोय नसते, कारण एव्हाना सरांनी त्याच्याच ताटातली पुरी उचलून, तिचा वरचा पापुद्रा सोडवून, लेसरच्या आधी डोळ्यावरचं झाकण कसं उचलतात आणि नंतर टाका न घालता कसं परत बसवतात, हे दाखवायला घेतलेलं असतं. शिऱ्याची मूद, बेसनाचा लाडू, उकडलेलं अंडं, काही म्हणून त्यांच्या हातून सुटलं नाही. एकदा तर आमच्या चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला त्यांचा हात पिंडाकडे जाताना मी या डोळ्यांनी बघितलाय. आमच्या अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वेळेवर चिमटा काढला म्हणून बरं. नाहीतर त्या म्हाताऱ्याच्या पिंडाला कावळा काय, डोळ्यांचा डॉक्टरच शिवला असता.

हे सगळं लेसरनंतरचं. पण लेसरच्या आधी सर गप्प बसणारे होते असं समजू नका. भूकंपानंतर पाच-सहा वर्षांत लातुरात क्लासचं असं काही पीक आलं की ज्याच्या घराला वरची खोली होती त्यानं तिथं बाकं टाकली, आणि ज्याला नव्हती त्यानं अंगणात पत्रे ठोकले. अशाच एका पत्र्याखाली सर पहाटे साडेपाचला आरसे आणि भिंगं शिकवायचे. जालन्यापासून देगलूरपर्यंतची पोरं पेंगुळलेल्या डोळ्यांनी त्यांची किरणाकृती उतरवून घ्यायची. शिकवायचे चांगले, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. पण क्लास सुटला तरी माणसाचा क्लास सुटायचा नाही. दिवाळीला आम्ही मुखेडला जमलो की हे घरातल्या बायकांच्या चकल्या तपासायचे. कुरकुरीतपणाला मार्क, काट्यांना मार्क, आणि तुटलेल्या चकलीला वजा एक. एका वर्षी माझ्या बायकोला एकूण वजा तीन मिळाले. ती तीन दिवस बोलली नाही. त्यांच्याशी नव्हे, माझ्याशी. त्यांच्याशी कशी अबोला धरणार, ते थोरले दाजी ना!

आता चष्मा. नंबर वजा सहा. चष्मा काढला की वितीपलीकडचं जग त्यांना पेजेत पडल्यासारखं दिसायचं. वितीच्या आत मात्र नजर अशी की गल्लीतल्या बायका सुईत दोरा ओवायला त्यांच्याकडे यायच्या. हे महाशय चष्मा कपाळावर सारून, सुई नाकाला लावून, एका दमात दोरा पार करायचे, आणि जाताना त्या बाईला भिंगाचं सूत्र ऐकवायचे. असा माणूस चष्म्याला जपणारच, त्यात नवल नाही. पण जपायचं म्हणजे किती? सर झोपताना चष्मा लावून झोपायचे! मागून नाडा बांधलेला, विजारीचा असतो तसला. मी एकदा विचारलं, "काय सर, स्वप्नं स्पष्ट दिसावीत म्हणून का?" ते "हाव", म्हणजे होय, म्हणाले आणि कूस बदलून घोरायला लागले. शिवाय तयार ठेवलेले चष्मे वेगळेच. एक उशीखाली, एक स्कूटरच्या डिकीत, आणि एक चक्क घराबाहेरच्या कडुलिंबाला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात. आमच्याकडे नांदेडला पहिल्यांदा मुक्कामाला आले तेव्हा निघताना अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या खुंटीला एक चष्मा अडकवून गेले. बायकोला वाटलं विसरले. फोन केला तर म्हणाले, "विसरलो न्हाई. तिथंच राहू द्या. कधी मुक्कामाला आलो तर भायेर एक असावा." आमच्या दारात देवाला हात जोडणाऱ्या प्रत्येकाला पुढे कित्येक वर्षं तुळशीबरोबर सरांच्या चष्म्यालाही नमस्कार करावा लागला.

या चष्मापुराणात त्यांच्या आईचा वाटा मोठा होता, असं माझं तेव्हा मत होतं. सर मूळचे किल्लारीच्या बाजूच्या एका गावचे. भूकंपात गाव झोपलं, घरातले सर आणि त्यांची आई दोघंच वाचले. सर लातूरला आले, म्हातारी मात्र नव्यानं वसवलेल्या गावातल्या त्या एकसारख्या घरांपैकी एकात हट्टानं एकटी राहिली. डाव्या पायानं अधू होती. सर दर रविवारी एसटीनं तिच्याकडे जायचे. एकदा मीही गेलो होतो. म्हातारीनं ज्वारीची भाकरी आणि तेलातला तिखट भुरका वाढला, माझ्याशी गोड बोलली, आणि आम्ही निघालो तेव्हा काठी टेकत फाटकापर्यंत आली. लेकाला म्हणाली काय, तर, "चष्मा घेतलास का रं?" चष्मा नाकावर होता! तरी या माणसानं बोट लावून नाकावरचा दाखवला, खिशातला काढून दाखवला, "घेतलाव आई" म्हणाला, तेव्हा कुठं ती वळली. लातुरात शंभर-शंभर पोरांना एका नजरेनं गप्प बसवणारा हा वाघ, आणि आई विचारते बालवाडीतल्या पोराला रुमाल विचारावा तसं. मी एसटीत बसून पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत होते.

आणि एक दिवस, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, या गृहस्थांनी लेसर करून घ्यायचं ठरवलं. कारण सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं. क्लासच्या चौकातल्या बोर्डावर त्यांचा फोटो लागणार होता, शेजारी केमिस्ट्रीवाला बिनचष्म्याचा तरणाबांड. "बाशिंग बांधायचं राहिलंय का अजून?" असं आमच्या सासूबाईंनीसुद्धा विचारलं. सर थेट नांदेडला येऊन मला म्हणाले, "चला साडूभाऊ, हैदराबादला." मुदखेड जंक्शनवरून रेल्वेनं आम्ही गेलो.

तिथला डॉक्टर शांत माणूस होता, बिचारा. त्यानं यंत्रापुढे हनुवटी टेकवून घेतली आणि डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात डोंगर-दऱ्यांचे असायचे ना, तसा. मधला भाग तांबूस, कडेला हिरवट. "जितना लाल, उतना उठा हुआ," डॉक्टर म्हणाला. "और मोटाई अच्छी है, काम हो सकता. पर आपको करना क्यों है सर?" मला वाटलं आता बोर्डाचं निघणार. सर म्हणाले, "सोके उठा की दिखना. हात लगाए बगैर, दूर का. बस्स." एवढंच. मला इतकी चीड आली! म्हणजे सकाळी उठल्यावर चष्म्यापर्यंत हात न्यायचेसुद्धा कष्ट नकोत या नवाबाला. डॉक्टर पुढे समजावू लागला, उजेड कसा वाकतो ते कागदावर काढून दाखवू लागला, आणि तिथंच चुकला बिचारा. सरांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं. "ये किरण ऐसा नहीं मुडता, डॉक्टरसाब." पुढची वीस मिनिटं त्या डॉक्टरानं सरांचा लेन्सचा तास ऐकला. शेवटी हात जोडून म्हणाला, "सर, डॉक्टर आप है या मैं? कुछ पूछना है तो पूछो." आमचे सर म्हणाले, "मैं पूछता नहीं, मैं पेपर काढता हूँ."

मग संमतीपत्र आलं. चार पानांचं, बारीक अक्षरात. लोक असल्या कागदावर न वाचता सही करतात. सरांनी चष्मा वर सारून तो कागद नाकाला लावून अक्षर न् अक्षर वाचला, आणि खिशातून लाल पेन काढून तपासला. जिथं छपाईची चूक तिथं गोल, जिथं मुद्दा बरोबर तिथं खूण. नववा मुद्दा असा होता की चाळिशी ओलांडलेल्याला लेसरनंतर लांबचं दिसलं तरी जवळचं वाचायला चष्मा लागेल. सरांनी त्याच्यापुढे झोकदार खूण केली आणि वर 'उत्तम' लिहिलं. मी शेजारी बसून बघत होतो. मला वाटलं, माणसानं वाचलंय, तपासलंय, शाबासकी दिलीय, म्हणजे कळलं असणारच. मला काय माहीत की हा माणूस कागद दुसऱ्याचाच आहे असं धरून तपासतो!

ऑपरेशनला म्हणाल तर चहा निवायला लागतो तेवढा वेळ. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि येताना रेल्वेत माझा जीव नकोसा झाला. गाडी अजून बाहेरच्या सिग्नलला आणि हे खिडकीतून ओरडतात, "मुदखेड!" डब्यातली माणसं सामान घेऊन उठली. लांबच्या शेताच्या धुऱ्यावरच्या शेळ्या मोजल्या, विजेच्या खांबावरचे पक्षी मोजले. समोरच्या एका तेलुगू बाईनं घाबरून आपल्या नवऱ्याला त्यांच्या शेजारून उठवून दुसरीकडे बसवलं.

पण खरी गंमत तिसऱ्या आठवड्यात झाली. सकाळी पहिल्या एसटीनं सर लातूरहून नांदेडला माझ्या दारात. चेहरा पांढराफटक. "साडूभाऊ, आज उठलो तर धूसर. हॉस्टेलची पाटी वाचता येईना." त्यांच्या पलंगावरून समोरच्या हॉस्टेलची पाटी दिसायची. डोळे उघडल्या उघडल्या, अंगावरचं पांघरूण न काढता ती वाचायची आणि वहीत बरोबर-चूक लिहायचं, असा त्यांचा रोजचा नेम. त्या दिवशी पहिली चूक. मी म्हटलं, "उठल्यावर तोंड धुतलंत का आधी?" ते हसले नाहीत, भांडलेही नाहीत. त्याच दिवशी परत हैदराबादची गाडी धरली. वाटेत एका माणसालाही त्यांनी काही शिकवलं नाही, यावरून मी काय ते ओळखायला हवं होतं. डॉक्टरांपुढे खुर्चीत बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या देखत, या माणसानं कुणाला तरी प्रश्न विचारला. "परत फुगणार तो नहीं ना, डॉक्टरसाब?"

"नहीं सर. अभी बैठ रहा है," डॉक्टर म्हणाला. नवी त्वचा भरून येते, आकार थोडा इकडे-तिकडे होतो, त्यात डोळा कोरडा पडला की सकाळी धूसर दिसतं. थेंब टाका, तीन महिने दम धरा. सर मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर एवढंच बोलले, "भूकंपानंतर जमीन बी अशीच बसत राहती. लई दिवस." इतक्या वर्षांत भूकंपावर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही मला डोळ्याच्या धड्यातलं उदाहरण वाटलं. अक्कल, दुसरं काय!

तीन महिने झाले. पाटी रोज बरोबर येऊ लागली. नवा नकाशा निघाला, मधला तांबूस डोंगर जाऊन तिथं निळं पठार झालेलं. डॉक्टर म्हणाला, आकार बसला, आता हलत नाही. सरांनी दोन्ही नकाशे एका चौकटीत बसवून बैठकीत लावले, सासऱ्यांच्या फोटोशेजारी. येणारा प्रत्येक पाहुणा आधी सासऱ्यांना हात जोडायचा आणि मग, तोंड आणि हात त्याच दिशेला होते म्हणून, सरांच्या पारपटलालाही. इथून पंगतीतली ती मूद सुरू झाली. नाडा गेला, उशीखालचा चष्मा गेला, लिंबावरचा डबाही उतरला. आमच्या तुळशीवरचा तेवढा राहिला. तो काढायला कुणाला सवड झाली नाही.

मात्र एक गोष्ट अक्कांनी माझ्या बायकोच्या कानात घातली होती. सुईत दोरा ओवायला आता बायका येत नाहीत. म्हणजे येतात, पण सर आत जाऊन बसतात. क्लासमध्येही म्हणे प्रश्नपत्रिका पहिल्या बाकावरच्या पोरीला देतात, "वाचा, तुमचं वाचन सुधारू द्या" म्हणून. जेवताना माशाचे काटे दिसेनात म्हणून मासे सोडले, आणि सांगताना सांगतात की श्रावण पाळतो. माघात!

हे सगळं फुटलं मुखेडला, आमच्या सगळ्यांत धाकट्या मेहुण्याच्या साखरपुड्यात. आमच्याकडे साखरपुड्याला दोन्हीकडच्या बोलण्यातलं ठरलेलं सगळं एका कागदावर लिहून चारचौघांत वाचतात. वाचायचा मान अर्थातच थोरल्या जावयाचा. गुरुजींनी कागदाला कुंकू लावून सरांच्या हातात दिला. सरांनी घसा साफ केला, कागद नाकाशी नेला, आणि थांबले. मग जरा लांब धरला. मग आणखी लांब. मग हात सरळ ताठ केला. हात संपला! तरी अक्षर लागेना. मांडवात कुजबुज. पण हार मानतील तर ते आमचे सर कसले. कागद माझ्या हातात देऊन करड्या आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, धरा. जरा मागं सरका." मी सरकलो. "अजून." मी सरकलो. "थोडं अजून, नांदेडकर, पाय उचला!" मी आणखी एक पाऊल मागे टाकलं आणि मुलीकडून आलेल्या पेढ्यांच्या परातीत बसलो.

मांडव असा हसला म्हणता! नवरी मुलगी हसली, गुरुजी हसले, घरात निजलेली पोरं उठून बघायला आली. मला आमच्या हिनं ओढून उभं केलं. माझ्या नव्या विजारीचं जे झालं ते झालं, पण खरं सांगतो, मला मनातून उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, चूक माझी नव्हती! कागद शेवटी दुसऱ्याच कुणीतरी वाचला. सर केव्हा उठून मागच्या अंगाला गेले कळलंही नाही. मी सोडतो होय. विजार झटकत मागोमाग गेलो. ते हौदाच्या कठड्यावर बसले होते.

"काय सर," मी म्हटलं, "इतकी वर्षं भिंगं शिकवली. वजा सहाचा माणूस चष्मा काढून जवळचं फुकटात वाचतो, तो लेसरनं सपाट झाला की चाळिशीचं भिंग लागणारच, हे बारावीच्या पोराला कळतं. नऊ नंबरला 'उत्तम' लिहून आला होतात तुम्ही. किती मार्क द्यायचे? वजा एक, का वजा दोन?"

"पूर्ण कापा," सर म्हणाले. "मला त्या रात्रीच कळलं होतं हैदराबादला. गोळ्यांचं पाकीट वाचता येईना." मग म्हणाले, "पण आधी कळलं असतं तरी केलंच असतं. जवळचं काय साडूभाऊ, हातानं चाचपून कळतं. लांबचं न्हाई कळत."

मी पुढचं वाक्य जुळवत होतो, चांगलं झोंबणारं. ते तोंडातच राहिलं, कारण सर बोलायला लागले होते, आणि शिकवत नव्हते.

"भूकंपाच्या पहाटं मी भायेर ओट्यावर झोपलेलो, म्हणून वाचलो. चष्मा आत कोनाड्यात. त्याच्यावर भिंत. उजाडलं तरी मला समदी धूळच. आई मागच्या खोलीत झोपायची, म्हणून हाका मारत मी तिथं उकरायलो. रस्त्याच्या पल्याड, समोरच्या ढिगावर, कायतरी पांढरं हलायलं. मला वाटलं कुणाचं धोतर असंल, वाऱ्यानं हलायलंय. चारदा बघितलं मी तिकडं. चारदा." त्यांनी मला बोटं दाखवली, पोरांना दाखवावीत तशी. "ती आई होती. त्या राती ती समोर शेजारणीकडं निजायला गेल्ती. कमरेपर्यंत गाडलेली. घशात धूळ, आवाज फुटत न्हवता, म्हणून पदर हलवायली. मी बघायलो हे तिला दिसायचं. आणि मी परत मान फिरवून मातीच उकरायचो. दुपारी दुसऱ्या गावची माणसं आली, त्यांनी काढलं. तवर पाय गेल्ता."

आत मांडवात सनई लावली होती. माझ्या डोळ्यांपुढे ते फाटक आलं, काठी टेकत आलेली ती म्हातारी, आणि एसटीत पोट धरून हसणारा मी. लाज वाटली. इतकी वाटली की मी तिथंच त्यांच्या शेजारी, पेढ्यांनी माखलेल्या विजारीनिशी, कठड्यावर बसलो.

"कधी बोलून दाखवलं का त्यांनी?" मी विचारलं.

"एकदा बी न्हाई. फक्त तेवढंच इचारायची, चष्मा घेतलास का." सरांनी नाक पुसलं. "डोळे बसल्यावर गेल्तो ना मी तिला दाखवायला. फाट्यावर उतरलो, तर ती आपल्या फाटकात हुबी. एवढ्या लांबून मला तिच्या कपाळावरचं गोंदण दिसलं, साडूभाऊ! तिथनंच हात हलवला मी. तिनं बी हलवला. जवळ गेलो. दिवसभर राहिलो. निघताना सवयीनं म्हणली, चष्मा घेतलास का रं. मी म्हटलं, आता लागत न्हाई आई. तिनं माझ्या डोळ्यांवरनं हात फिरवला, दोन्ही. आणि म्हणली, 'मग मी आता काय इचारू?'"

म्हातारी पुढच्याच वर्षी गेली. लातुरात आता क्लास कुठल्या कुठे गेले, तीन-तीन मजली झाले, पत्रे कुणाच्या लक्षातही नाहीत. सर निवृत्त आहेत. गळ्यात दोरीनं जवळचा चष्मा लोंबतो. तो ते कुठंही विसरतात, परवा आमच्या फ्रिजमध्ये निघाला, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. पंगतीत मूद अजून चालू आहे. मला आता त्यातलं सगळं पाठ आहे, कधी ते पापुद्रा विसरले तर मीच पुरी पुढे करतो. तेवढ्यावरही 'नांदेडकर, मधी बोलू नका' ऐकून घेतो.

त्या साखरपुड्याहून परत आलो त्या दिवशी फाटक उघडताना माझं लक्ष तुळशीकडे गेलं. खुंटीला तो जुना चष्मा तसाच होता. काचांवर धुळीचा थर, नाड्याच्या चिंध्या झालेल्या. वजा सहाचा, म्हणजे आता तो त्यांच्याही उपयोगाचा नाही आणि आमच्या घरात तर कुणाच्याच नाही. ही म्हणाली, "टाकू का आता तो? दाजींना काय करायचाय!"

मी तो उतरवला, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, आणि परत खुंटीला अडकवला. म्हटलं, राहू दे. बाहेर एक असावा.